डोंगरावरचा जुना रस्ता

(न्यूझीलंडमधील पोरिरुआ या शहरात राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांनी शाळेतील मुलांसमोर केलेले हे भाषण आहे. जुने रस्ते, सुरुवातीच्या मोटारी आणि त्यांच्या शर्यती यांची माहिती त्यांनी गप्पा माराव्यात तशी सांगितली आहे.)



तुमच्या गुरुजींनी मला सांगितले, "मुलांना परदेशाविषयी काहीतरी सांगा." परदेश फार मोठा आहे. तो एका तासात सांगून संपायचा नाही. म्हणून मी फक्त एका रस्त्याविषयी आणि मोटारींविषयी बोलणार आहे.

मी राहतो त्या गावाचे नाव पोरिरुआ. भिंतीवरच्या नकाशात ऑस्ट्रेलिया शोधा. त्याच्या उजवीकडे, जरा खाली, समुद्रात दोन लांबट बेटे दिसतील. तो न्यूझीलंड देश. वरच्या बेटाच्या दक्षिण टोकाला वेलिंग्टन ही राजधानी आहे. तिच्या उत्तरेला सुमारे २० किलोमीटरवर पोरिरुआ आहे. तुमची शाळा सकाळी अकराला भरते, तेव्हा तिथे संध्याकाळ होत आलेली असते. तुमच्याकडे मे महिन्याचे ऊन तापते, तेव्हा तिथे लोक लोकरीचे कपडे बाहेर काढतात. एक गोष्ट मात्र अगदी आपल्यासारखी आहे. तिथेही गाड्या रस्त्याच्या डाव्या बाजूनेच चालतात!

गावाला लागून खाडी आहे. खाडीला दोन फाटे आहेत आणि भरतीचे पाणी दोन्ही फाट्यांत चढते. तिथले मूळ रहिवासी म्हणजे माओरी लोक. त्यांच्या भाषेत 'रुआ' म्हणजे दोन. दोन फाट्यांत चढणाऱ्या भरतीवरून पोरिरुआ हे नाव पडले, असे सांगतात.

पोरिरुआहून उत्तरेकडे जायचे म्हटले, की डोंगर आडवा येतो. तो थेट समुद्रात उतरतो. आपल्या कोकणात डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये निदान भाताची खाचरे असतात. तिथे एके ठिकाणी तेवढीही जागा नाही. वर कडा आणि खाली लाटा. या अडचणीतून वाट काढण्यासाठी माणसांनी तीन वेळा तीन रस्ते केले. पहिला डोंगरावरून गेला, दुसरा समुद्राच्या काठाने आणि तिसरा मधल्या दरीतून. तिन्ही रस्ते आजही वाहते आहेत. मला सर्वांत आवडतो तो पहिला. त्याचे नाव पाएकाकारिकी हिल रोड.

हा रस्ता १८४९ साली पुरा झाला. त्या वेळी मोटारी नव्हत्याच. मग तो कशासाठी केला? सैन्यासाठी. त्या काळी इंग्रज न्यूझीलंडमध्ये वसाहत करत होते आणि जमिनीवरून त्यांचे माओरींशी भांडण पेटले होते. पोरिरुआच्या परिसरात न्गाती तोआ ही माओरी जमात राहत होती. ते राउपराहा हा त्यांचा मोठा नायक. न्यूझीलंडचे रग्बी खेळाडू सामन्यापूर्वी मांड्या थोपटून, डोळे वटारून 'हाका' करतात, ते तुमच्यापैकी कोणी टीव्हीवर पाहिले असेल. ती प्रसिद्ध हाका रचणारा हाच ते राउपराहा. जुलै १८४६ मध्ये इंग्रजांनी त्याला पहाटे झोपेत असताना पकडले आणि कोणताही खटला न चालवता दीड वर्ष अडकवून ठेवले.

त्याचा पुतण्या मात्र हाती लागला नाही. त्याचे नाव जरा लांब आहे. तोडून म्हणा, ते रांगि-हाए-आता. आपल्या प्रदेशातून सैन्याचा रस्ता जाऊ नये, असे त्याचे म्हणणे होते. ऑगस्ट १८४६ मध्ये त्याने पाउआताहानुई खाडीच्या वरच्या अंगाला दाट रानातल्या एका टेकडीवर मोर्चा धरला. इंग्रजांचे सैनिक आणि त्यांच्या बाजूचे माओरी यांनी टेकडीला वेढा दिला. पावसाळी हवा होती आणि चिखल माजला होता. एका रात्री ते रांगिहाएआता आपल्या माणसांसह रानातून निसटला आणि उत्तरेकडे दलदलीच्या प्रदेशात गेला. गनिमी काव्याच्या गोष्टी तुम्ही इतिहासात वाचल्या आहेत, तेव्हा हे तुम्हांला वेगळे सांगायला नको. ती टेकडी आता 'बॅटल हिल' या नावाने ओळखली जाते. तिथे मोठे उद्यान आहे. मेंढ्या चरतात, मुले पतंग उडवतात, आणि जुना रस्ता टेकडीच्या पायथ्याशी शांतपणे पडून असतो.

रस्ता खोदला तो सैनिकांनी आणि मजुरीवर आलेल्या माओरी माणसांनी. कुदळ, फावडे, पहार आणि हातगाडी एवढीच त्यांची यंत्रे. त्यामुळे रस्ता डोंगराशी झुंजत नाही. डोंगर जिकडे वळतो, तिकडे तोही वळतो. माथ्यावर पोहोचलात, की एकदम समोर समुद्र दिसतो आणि समुद्रात निळसर कापिती बेट. मी तिथे अनेकदा गेलो आहे, तरी त्या शेवटच्या वळणावर दर वेळी गाडीचा वेग आपोआप कमी होतो.

आता मोटारींकडे वळू या. न्यूझीलंडमध्ये मोटार आली ती वेलिंग्टनलाच. १८९८ साली विल्यम मॅक्लीन नावाच्या गृहस्थांनी बेंझ कंपनीच्या दोन मोटारी परदेशातून आणल्या. मोटारी बंदरात उतरल्या, पण त्या रस्त्यावर चालवायच्या कशा? घोड्यांच्या आणि बैलांच्या गाड्यांसाठी कायदे होते, विनाघोड्याच्या गाडीसाठी नव्हते! मग त्याच वर्षी संसदेने खास कायदा केला. त्याला मॅक्लीन यांचेच नाव मिळाले. अंधार पडल्यावर दिवा लावायचा आणि ताशी १२ मैलांहून, म्हणजे सुमारे १९ किलोमीटरहून, जोरात जायचे नाही, असे त्यात सांगितले होते. तुमच्यातला एखादा सायकलवाला उतारावरून येताना हा कायदा रोज मोडत असेल!

पण वेगाची आवड कायद्याला थोडीच जुमानते? युरोपात तोवर शर्यती सुरू झाल्या होत्या. १८९५ साली फ्रान्समध्ये पॅरिसहून बोर्दोपर्यंत आणि परत अशी मोठी शर्यत झाली. अंतर होते ११०० किलोमीटरांहून अधिक. एमिल लव्हासोर नावाचा इंजिनियर स्वतः बनवलेली गाडी घेऊन निघाला. गाडीला वर छप्पर नव्हते आणि समोर काचही नव्हती. रात्री मिणमिणत्या दिव्यांच्या उजेडात, धुळीत, थंडीत तो चालवतच राहिला. जवळजवळ ४९ तासांनी तो परत पॅरिसला पोहोचला. दुसरी गाडी त्याच्यामागून कित्येक तासांनी आली. तरीही पहिले बक्षीस त्याला मिळाले नाही. बक्षीस चार आसनांच्या गाडीसाठी होते आणि लव्हासोरच्या गाडीत आसने होती दोनच. नियम आधीपासून ठरलेला होता, हे खरे. पण मला विचाराल तर मी त्याला दोन्ही बक्षिसे दिली असती.

याच शर्यतीत मिशलाँ नावाच्या भावांनी आपल्या गाडीला हवेचे टायर लावले होते. लोक हसले, कारण वाटेत पंक्चरमागून पंक्चर झाली. आज सायकलपासून एस. टी. पर्यंत सगळी वाहने हवेच्याच टायरांवर धावतात.

आपल्या देशातही फार उशीर झाला नाही. डिसेंबर १९०४ मध्ये दिल्लीहून मुंबईपर्यंत मोटारींची एक मोठी चाचणी झाली. ती वेगाची शर्यत नव्हती. कोणती गाडी न मोडता पोहोचते, हे पाहायचे होते. त्या काळच्या कच्च्या रस्त्यांवर हेच मोठे धाडस होते.

या शर्यतींची एक दुःखाची बाजूही तुम्हांला सांगायला हवी. १९०३ साली पॅरिस ते माद्रिद अशी शर्यत निघाली. गाड्यांचा वेग वाढला होता, रस्ते मात्र बैलगाड्यांचेच होते. दोन्ही बाजूंना हजारो माणसे अगदी खेटून उभी होती आणि धुळीच्या लोटात पुढचे काही दिसत नव्हते. अपघातांमागून अपघात झाले. शर्यतीतले आणि पाहायला आलेले असे अनेक लोक दगावले. सरकारने शर्यत बोर्दोलाच थांबवली. तेव्हापासून शर्यती हळूहळू रहदारीच्या रस्त्यांवरून हटल्या. त्यांच्यासाठी वेगळे मार्ग बांधण्यात आले. १९०७ साली इंग्लंडमध्ये ब्रुकलँड्स येथे असा मार्ग झाला.

न्यूझीलंडच्या लोकांकडे असा मार्ग बांधायला पैसा नव्हता. त्यांनी समुद्रकिनारा वापरला! ऑकलंडजवळ मुरीवाई नावाचा किनारा आहे. ओहोटीनंतर तिथली ओली वाळू फरशीसारखी घट्ट होते. १९२० नंतरच्या दशकात तिथे शर्यती होत. भरती यायच्या आत शर्यत संपवावी लागे, नाहीतर बक्षीस समुद्रच घेऊन गेला असता. त्याच परिसरातल्या एका चढावर पुढे १९५२ साली एक मुलगा जुनी छोटी ऑस्टिन गाडी घेऊन उतरला. लहानपणी कमरेच्या हाडाच्या दुखण्याने तो दीर्घ काळ अंथरुणावर होता. ती ऑस्टिन त्याच्या वडिलांनी सुट्या भागांच्या अवस्थेत विकत घेतली होती. बाप-लेकांनी मिळून ती जोडली. त्या मुलाचे नाव ब्रूस मॅक्लॅरेन. १९५९ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, त्याने अमेरिकेतली ग्रां प्री शर्यत जिंकली. त्याच्या नावाचा संघ आजही शर्यतीत उतरतो.

आता विचार करा. अशा जुन्या मोटारीला आमचा डोंगरावरचा रस्ता कसा वाटत असेल? फोर्ड कंपनीची 'मॉडेल टी' ही त्या काळची सर्वसामान्यांची गाडी. तिची पेट्रोलची टाकी आसनाखाली असे आणि पेट्रोल इंजिनाकडे नुसते उतारावरून वाहत जाई. आता गाडी मोठ्या चढावर चढू लागली, की पुढचे इंजिन वर जाते आणि टाकी खाली राहते. टाकी खाली आणि नळ वर असेल, तर नळाला पाणी येईल का? पेट्रोलचेही तसेच होई. टाकीत पेट्रोल कमी असले, की इंजिन भर चढावर बंद पडे. मग लोक काय करत? गाडी उलटी फिरवत आणि रिव्हर्समध्ये पाठमोरी डोंगर चढवत! आता टाकी वर आणि इंजिन खाली. शिवाय तिच्या रिव्हर्स गिअरला जोरही जास्त होता. ही युक्ती पुस्तकात लिहिलेली नव्हती. ती चढाने शिकवली.

१९३९ साली समुद्राच्या काठाने दुसरा रस्ता उघडला. कडा फोडून आणि लाटांना भिंत घालून तो केला होता. मग मोठी रहदारी डोंगरावरून खाली उतरली. वरचा रस्ता मागे पडला आणि म्हणूनच बराचसा होता तसा राहिला.

पोरिरुआच्या पुढे, डोंगर ओलांडला की पारापराउमू नावाचे गाव लागते. तिथे मोटारींचे एक मोठे संग्रहालय आहे. ते उभारले लेन साउथवर्ड यांनी. मुलगा असताना ते वेलिंग्टनच्या एका मोटार-दुकानात निरोप पोहोचवण्याचे काम करत. पुढे त्यांनी स्वतःचा कारखाना काढला. पाण्यावर वेगाने बोटी चालवण्याचेही त्यांना वेड होते. १९५६ साली त्यांनी ४० पौंडांना एक जुनी मॉडेल टी घेतली आणि ती दुरुस्त केली. मग दुसरी आणली, मग तिसरी. १९७९ साली संग्रहालय सुरू झाले. आता तिथे ४०० हून अधिक वाहने आहेत. १८९५ सालची एक बेंझ आहे. अमेरिकेतल्या इंडियानापोलिसच्या शर्यतीसाठी बनवलेली १९१५ सालची स्टुट्झ आहे. तिच्याजवळ उभे राहा आणि चालवणाऱ्याची जागा पाहा. ना पट्टा, ना डोक्यावर छप्पर. एवढ्याशा आसनावर बसून माणसे ताशी दीडशे किलोमीटरच्या आसपास वेगाने जात, हे पाहिल्याशिवाय पटत नाही.

मोटार नुसती झाकून ठेवली, की ती टिकते असे तुम्हांला वाटेल. तसे होत नाही. उभ्या गाडीतले पेट्रोल चिकट होते आणि बारीक नळ्या तुंबतात. रबर कडक होऊन तडकते. वंगण खाली उतरते आणि वरच्या लोखंडाला गंज चढतो. चाकाचे ब्रेक आवळून बसतात. शेतातले इंजिन वर्षभर सुरू केले नाही, तर काय होते ते तुमच्या वडिलांना विचारा. म्हणून जुन्या मोटारी बाळगणारे लोक त्या चालवतात. न्यूझीलंडमध्ये १९४६ पासून अशा लोकांचा देशभर पसरलेला क्लब आहे. हँडल कसे मारावे, मारताना अंगठा बोटांच्याच बाजूला का ठेवावा (इंजिनाने उलटा झटका दिला तर हात मोडतो!), न मिळणारा भाग लेथवर कसा घडवावा, हे तिथे म्हातारे तरुणांना शिकवतात. माझ्या मते गाडीपेक्षाही हे शिकवणे महत्त्वाचे. ते माहीत असलेला शेवटचा माणूस गेला, की गाडी म्हणजे नुसते लोखंड.

आणि गाडी चालवायची तर तिला सोसेल असा रस्ता हवा. ताशी १०० किलोमीटरच्या रहदारीत ताशी ५० ने जाणारी मॉडेल टी घातली, तर तिच्या आणि इतरांच्याही जिवाला धोका. तिला तिच्या वयाचा रस्ता लागतो. वळणांचा, अरुंद आणि सावकाश. डोंगरावरचा रस्ता तसा आहे. पण तो राखणे सोपे नाही. मोठा पाऊस झाला, की दरड कोसळते आणि रस्ता बंद होतो. मग माती उपसा, गटारे मोकळी करा, खचलेली कड बांधून काढा. थोड्या गाड्यांसाठी एवढा खर्च कशाला, असे म्हणणारे लोक तिथेही आहेत. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नाही. तरी मी त्यांना एवढेच म्हणतो, की एकदा त्या रस्त्याने जाऊन या आणि मग बोला.

तिसरा रस्ता ३१ मार्च २०२२ रोजी वाहतुकीसाठी खुला झाला. चार पदरी आणि २७ किलोमीटर लांब. तो बॅटल हिलच्या उद्यानातूनच, त्या जुन्या लढाईच्या दरीतून जातो. त्याला माओरी भाषेत काय नाव दिले आहे, सांगू? 'ते आरानुई ओ ते रांगिहाएआता'. म्हणजे ते रांगिहाएआताचा हमरस्ता. ज्याचा सैन्याच्या रस्त्याला विरोध होता, त्याचेच नाव पावणेदोनशे वर्षांनी तिथल्या सर्वांत मोठ्या रस्त्याला मिळाले. फलकावरचे ते नाव वाचून मुले आईवडिलांना विचारतात, "हा कोण होता?" मग पायथ्याचा जुना रस्ता दाखवून गोष्ट सांगता येते. तो जुना रस्ता मोडून टाकला असता, तर दाखवले काय असते?

पोरिरुआची आणखी एक गोष्ट सांगतो. तिथे टॉड मोटर्सचा मोठा कारखाना होता. १९७५ च्या सुमारास तो सुरू झाला. परदेशातून मोटारींचे सुटे भाग खोक्यांतून यायचे आणि इथे त्यांची जोडणी व्हायची. हिलमन, क्रायसलर, मित्सुबिशी अशा गाड्या तिथून बाहेर पडल्या. सामोआसारख्या पॅसिफिक बेटांवरून आलेली कितीतरी कुटुंबे त्या कारखान्यावर जगली. १९८७ मध्ये मित्सुबिशीने तो घेतला. पुढे बाहेरून येणाऱ्या तयार गाड्यांवरचा कर उठला, त्या स्वस्त झाल्या, आणि १९९८ साली कारखाना बंद पडला. त्याच वर्षी साऱ्या देशातली मोटारींची जोडणी थांबली.

शर्यतीची गाडी जपायला दहा माणसे पुढे येतात. पण तुमच्याआमच्या घरची साधी गाडी? तिला कोण विचारतो? ती भंगारात जाते. पोरिरुआत जोडलेली हिलमन हंटर आता जुन्या गाड्यांत मोडते. ज्यांच्या हातांनी तिचे बोल्ट आवळले, त्यांची नातवंडे तिच्याभोवती कुतूहलाने फिरतात.

आपल्याकडेही हेच घडले आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात तिच्या मोटारी तयार होत. त्यांतली पद्मिनी ही मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झाली. तुमच्या आजोबांनी व्ही. टी. स्टेशनबाहेर तिच्यात ट्रंका चढवल्या असतील. ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. निदान एक-दोन तरी चालत्या स्थितीत ठेवाव्यात, असे पुष्कळांना वाटते. मलाही वाटते.

रस्त्यांचेही तसेच. भोर घाटातून गाड्यांचा रस्ता १८३० साली सुरू झाला. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग २००२ साली पुरा झाला. खंडाळ्याजवळचा दगडी अमृतांजन पूल रहदारीला अडचण म्हणून एप्रिल २०२० मध्ये पाडला. आता तो फक्त छायाचित्रांत दिसतो. उलट जुन्नरजवळचा नाणेघाट पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीची ती व्यापाराची वाट. जकातीचा म्हणून सांगतात तो दगडी रांजण अजून तिथे आहे. ती वाट टिकली, कारण पावसाळ्यात आजही माणसे तिच्यावरून चढतात-उतरतात.

तुमच्या गावाजवळ जुनी गाडीवाट असेल, दगडी मैलाचा खांब असेल, बंद पडलेला पूल असेल. माझी आणखी एक दिवस इथे राहायची तयारी आहे. उद्या सकाळी कोणी दाखवायला नेणार असेल, तर मी चपला घालून तयार राहीन.

आता तुमचे प्रश्न. मागच्या बाकावरचा एक हात मघापासून वर आहे. उठ बाळ, आधी तू विचार.